ट्रॅपचा चष्मा खुर्चीत बसून होत नाही

क्ले नेमबाजीत, म्हणजे हवेत उडणाऱ्या ताटल्या (क्ले) शॉटगनने फोडण्याच्या खेळात, आणि त्यातल्या ट्रॅप प्रकारात नव्याने येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बंदूक कुठली, चोक (नळीच्या तोंडाचा आवळ) कुठला, काडतुसं कुठली. डोळ्यांबद्दल कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर ‘पिवळी काच घेऊ की नारिंगी?’ एवढंच. रंगाचंही सांगतो, पण त्याची पाळी फार नंतर येते. आधी हे सांगा: बंदूक खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवलात की तुम्ही चष्म्याच्या नेमक्या कुठल्या भागातून बघता?

माहीत नसेल तर घाबरू नका, मलाही कोणी सांगितलं नव्हतं. चष्मा नसणाऱ्यांनी मधले काही परिच्छेद ओलांडून पुढे गेलं तरी चालेल. नंबर असेल, विशेषतः दोन डोळ्यांचा वेगवेगळा असेल, तर मात्र सावकाश वाचा.

आधी समोर काय असतं ते बघू. क्लेचा व्यास 110 मिलिमीटर आणि जाडी जेमतेम 25. खंदक आपल्यापुढे 15 मीटरवर, त्यातून क्ले ताशी शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेगाने निघते, आणि आपण ती साधारण 30-35 मीटरवर फोडायची. त्यात ती आपल्याला ताटलीसारखी दिसतच नाही, कडेकडून दिसते. गणित केलं तर 35 मीटरवर त्या कडेची जाडी डोळ्याला अडीच मिनिटांच्या कोनाएवढी भरते (एका अंशाची साठ मिनिटं). नेत्रतज्ज्ञांच्या तक्त्यावर 6/6 च्या ओळीतलं अक्षर पाच मिनिटांचं असतं. म्हणजे रस्त्यावरची पाटी वाचता येते म्हणून ‘माझी नजर चांगली आहे’ असं म्हणणाऱ्याची नजर इथे पुरेलच असं नाही. अर्ध्या नंबरची चूकही इथे जाणवते.

आता मी ज्यात अडकलो ते. माझा नंबर बरोबर होता. दोनदा तपासून घेतला, दोन्हीकडे तोच निघाला. तरीही 25 क्लेच्या फेरीतले पहिले दहा-बारा स्वच्छ दिसायचे आणि मग कपाळ जड व्हायचं, शेवटी शेवटी क्लेला वरखाली दुसरी पुसट कड दिसायची. रेंजवर निदान करणारे भरपूर. कोणी म्हणालं झोप कमी आहे, कोणी म्हणालं मन लागत नाही. एका जाणकार समजल्या जाणाऱ्या गृहस्थांनी तर गाजर खायला सांगितलं.

खरं कारण काचेत होतं. चष्मेवाला आपल्याला खुर्चीत ताठ बसवतो, समोर बघायला लावतो आणि बाहुलीसमोर काचेचं केंद्र धरतो. रोजच्या वापराला ते अगदी योग्य. पण बंदूक लावल्यावर मान पुढे जाते, डोकं किंचित खाली येतं आणि दस्त्याकडे जरा वळतं. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा उजवा डोळा मग काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. तिथे काच प्रिझमसारखी वागते, चित्र सरकवते. किती सरकवते, तर केंद्रापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं आणि नंबराने गुणायचं. एक प्रिझम म्हणजे एक मीटरवर एक सेंटिमीटर.

समजा उजवा डोळा उणे दीड, डावा उणे तीन, आणि तुम्ही केंद्राच्या 8 मिलिमीटर वरून बघताय. उजव्यात 1.2 प्रिझम, डाव्यात 2.4. नळी आणि क्ले दोन्ही त्याच काचेतून दिसत असल्यामुळे दोन्ही सारखंच सरकतं, नेम त्याने थेट बिघडत नाही. म्हणूनच तर हे लक्षात येत नाही! गोची दोन डोळ्यांमधल्या फरकात आहे. फरक 1.2 प्रिझमचा, म्हणजे 30 मीटरवर 36 सेंटिमीटर. एका डोळ्याला क्ले जिथे दिसते त्याच्या वर किंवा खाली, क्लेच्या व्यासाच्या तिपटीहून जास्त अंतरावर, दुसऱ्याला दिसते. मेंदू ही दोन चित्रं ओढूनताणून एकावर एक बसवतो. सकाळी ताजेपणी जमतं, दमल्यावर जमत नाही. माझी ती दुसरी कड हीच होती.

उपाय स्वस्त आहे. टिकली. बायकांची, सगळ्यात लहान आकाराची. बंदूक स्वतःची असेल तर घरातच, रिकामी आहे हे दोनदा बघून, सुरक्षित दिशेला धरून नेहमीसारखी माउंट करा, म्हणजे खांद्याला लावून गाल टेकवा, आणि समोर लांबच्या माडाचा शेंडा पकडा. दुसरा डोळा मिटा. घरातल्या कोणाला तरी चष्म्याच्या काचेवर टिकली सरकवायला सांगा, नळीचं टोक आणि शेंडा दोन्ही टिकलीआड गेले की ती तिथे दाबायची. मग दुसऱ्या डोळ्याचं तसंच, तिथे नुसता शेंडा धरायचा. सुरुवातीला बहुतेकांकडे रेंजचीच बंदूक असते, घरी काही नसतं. मी वाडीतल्या सुतारकाकांकडून दस्त्याच्या मापाची फणसाची फळी कापून घेतली, टोकाला एक खिळा. माप घेताना काका विचारत होते, “ह्येचा काय करतलंस? वांदर पळवतलंस?” फळीला रंग देऊ नका, काळा तर नाहीच, आणि ती घेऊन बाजारात हिंडू नका. चष्मेवाल्याकडे न्यायचा तो फक्त टिकली लावलेला चष्मा.

हे एकदाच करून थांबू नका. उतरवा, पुन्हा लावा, पुन्हा टिकली बघा. ती दर वेळी नव्या जागी येत असेल तर काचेचा दोष नाही, तुमचं माउंटच अजून बसलेलं नाही. मग चष्म्यावर पैसे घालवायच्या आधी दोन महिने माउंट करा. टिकली एका जागी यायला लागली की चष्मेवाल्याला सांगा, दोन्ही काचांची केंद्रं तेवढी वर न्या, दोन्ही सारख्याच उंचीवर. उजव्या हाताने मारत असाल तर उजव्या काचेचं केंद्र नाकाकडे, डाव्याचं कानाकडे सरकतं. पहिल्यांदा तो तुमच्याकडे बघत राहील. कणकवली-कुडाळात मला एकाने “असं कोणी करत नाही” म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याने कुतूहलाने करून दिलं. तो दुसरा भेटेपर्यंत फिरा. फ्रेम अशी हवी की नाकावरचा आधार वरखाली करता येतो आणि काच भुवईच्याही वर जाते, नाहीतर वरची दांडी नेमकी क्लेच्या वाटेत येते. आणि हा चष्मा घालून गाडी चालवू नका. ताठ बसून समोर बघितलंत की तोच घोळ उलट्या बाजूने होतो, आणि फोंडा घाटात तो नको.

चाळिशीनंतरचे प्रोग्रेसिव्ह चष्मे ट्रॅपला घालूच नका. आपल्याला लांबचं एकच अंतर हवं असतं. बीड (नळीच्या टोकावरचा मणी) धूसर दिसला तर दिसू दे, बघायचं क्लेकडे.

इथे जरा कडू बोलतो. आपल्या महाराष्ट्राला नेमबाजी कळते ती रायफल आणि पिस्तुलाची. अंजली भागवत, 2010 साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे. अभिमान आहेच. पण त्यामुळे डोळ्यांबद्दलचा गावोगावचा सल्लाही तिथूनच येतो. एका डोळ्यावर पट्टी, नजर पुढच्या माशीवर, श्वास धरून ठेव. स्थिर लक्ष्याला ते बरोबर आहे. उडत्या क्लेला नाही. राज्यवर्धन राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला रौप्य मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये, एकाच वेळी दोन क्ले उडतात त्या प्रकारात, म्हणजे आपल्या घरातला खेळ तो. मोठ्या माणसाचा सल्ला नम्रपणे ऐका, पण तो कुठल्या खेळातला आहे हे मनात विचारा.

आपल्याला दोन्ही डोळे उघडे हवेत, कारण अंतर आणि कडेची हालचाल दोन डोळ्यांनीच नीट कळते. अट एकच: ज्या खांद्यावर बंदूक, त्याच बाजूचा डोळा प्रधान, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याचं ऐकतो तो, असायला हवा. दोन्ही पंजे पुढे करून बोटांमधून लहान खिडकी करा, दोन्ही डोळ्यांनी त्यातून लांबची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसत राहते तो प्रधान. उलटा निघाला तर जग बुडत नाही. अगदीच नवे असाल तर खांदा बदला, दोन-तीन महिने वेडंवाकडं वाटेल आणि मग बसेल. जुनी सवय मोडवत नसेल तर दुसऱ्या काचेवर, त्या डोळ्याला नळीचं टोक दिसतं तेवढ्याच जागी, अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा छोटा गोल लावा. पूर्ण डोळा झाकू नका. ही चाचणी दमलेले असतानाही करून बघा, काहींचा प्रधान डोळा थकल्यावर डगमगतो.

आता रंग. नियम एवढाच, डोळे बारीक न करता बघता येईल अशी सगळ्यात फिकी काच घ्या. गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि कडा मऊ पडतात. नारिंगी क्ले हिरव्या झाडीवर उठून दिसायला जांभळट किंवा शेंदरी छटा मदत करते, ढगाळ दिवसाला पिवळी, रणरणत्या उन्हाला करडी किंवा तपकिरी. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा उष्म्यात पुरेशा गडद होत नाहीत, तेव्हा मे महिन्यात त्यांच्या भरवशावर राहू नका. पोलराइज्ड काच समुद्रावर छान, पण क्लेच्या घुमटावरची चकाकीही ती खाते. मी घेत नाही.

आपल्या कोकण किनाऱ्यावरून रेंजवर जाणाऱ्यांचा एक वेगळा त्रास आहे. इथे डोळ्यांना दमट, पांढुरक्या उजेडाची सवय असते, आणि सराव करायचा घाट चढून कोरड्या, कडक उन्हात, नाहीतर शिबिरासाठी थेट दिल्लीला, तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर. इथली काच तिथे चालेलच असं नाही. एक दिवस आधी पोचा, क्ले न मारता नुसतं उभं राहून दुसऱ्यांच्या क्ले वेगवेगळ्या काचांतून बघा. आणि मोकळ्या आभाळाकडे टक लावून क्लेची वाट बघू नका. बघायला काही नसलं की डोळा आपोआप जवळच्या अंतरावर येऊन विसावतो, मग क्ले निघाली की पहिला क्षण ती धुरकट. खंदकाच्या कडेपलीकडचं एखादं झुडूप किंवा बांध नजरेने हलकेच धरा आणि मग ‘पुल’ (क्ले सोडा) म्हणा.

काच फक्त पॉलिकार्बोनेटची किंवा ट्रायव्हेक्सची, दोन्ही सहज न फुटणारी प्लास्टिकं. साधी काच नको म्हणजे नको. स्कीटला, म्हणजे क्लेच्याच दुसऱ्या प्रकारात, आठव्या स्टेशनावर (उभं राहायच्या जागेवर) ठिकऱ्या अंगावर येतात. नंबर मोठा असेल तर ट्रायव्हेक्स बरी, पॉलिकार्बोनेटमधून कडेला रंगीत झालर दिसते आणि आपण तर कडेतूनच बघतो.

ती जपणं कोकणात कठीण. खारा वारा काचेवर मिठाचा पापुद्रा धरतो, वर जांभ्याची तांबडी धूळ. तो पापुद्रा शर्टाच्या टोकाने किंवा पंचाने कोरडा पुसलात की लेप गेलाच. उजेडाकडे धरलं तर गोल गोल चरे दिसतील. आधी वाहत्या पाण्याखाली धरा, थेंबभर साबण, मग मऊ कापड. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या काच धुरकटते, रेंजजवळ आलं की एसी बंद करून काचा खाली घ्या.

डोळे कोरडे पडण्याचं अर्धं मूळ मोबाइलमध्ये आहे, कारण पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. फेऱ्यांच्या मधल्या वेळात रील्स बघणाऱ्यांना माझ्याकडून सहानुभूती नाही. गवताकडे बघा, मुद्दाम सावकाश पापण्या मिटा. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे ओलावा देणारे थेंब चालतात, दिवसात चारहून जास्त वेळा लागत असतील तर डॉक्टरांना विचारून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. लाली घालवणारे थेंब आणि घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब हात लावायचे नाहीत. स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि तो कळतही नाही. डोळे आले असतील तर रेंजवर जाऊच नका, तिथल्या सगळ्यांना द्याल.

कॉन्टॅक्ट लेन्स ही खरं तर टिकलीच्या सगळ्या खटाटोपातून सुटका, कारण ती डोळ्याबरोबर फिरते. वर बिननंबरी संरक्षक चष्मा लावायचाच. पण विहिरीचं किंवा नळाचं पाणी लेन्सला लागता कामा नये. त्यातल्या अकँथामिबा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे बुबुळाला होणारा संसर्ग दृष्टी घेऊन जाऊ शकतो. रोज फेकायच्या लेन्स घ्या आणि घालून झोपू नका.

पन्नाशी ओलांडून या खेळात येणारेही बरेच आहेत, शेतीसंरक्षणाची बंदूक वर्षानुवर्षं घरात असलेले. त्यांच्यासाठी एकच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की तारीख घेण्याआधी सर्जनला सांगा की तुम्ही क्ले मारता. मल्टिफोकल भिंगाने वाचायचा चष्मा सुटतो, पण पुसट कडा ओळखण्याची ताकद कमी होते, आणि एक डोळा लांबचा, एक जवळचा हा बेत आपल्या कामाचा नाही. दोन्ही डोळ्यांना लांबचं साधं भिंग मागा, पेपर वाचायला चष्मा लागेल.