बाळ लवकर झालंय आणि सीपीची भीती वाटतेय? मग काय बघायचं, काय विचारायचं

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, बाळ घरी आलं की पहिल्या रात्री सगळे दमून झोपतात आणि आई अंधारात मोबाईलवर 'प्रीमॅच्युअर बेबी सेरेब्रल पाल्सी' टाइप करत बसते. मीपण तेच केलं, पहाटे चारपर्यंत वाचलं, छाती धडधडायला लागली आणि हाती काहीच लागलं नाही. मी डॉक्टर नाही, माझी मुलगी 29 आठवड्यांना झाली आणि नंतर दोन वर्षं फॉलोअपच्या चकरा मारताना जे जे उशिरा कळलं ते तुम्हाला लवकर कळावं म्हणून लिहितेय.

सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवरचा आणि स्नायूंवरचा ताबा बिघडतो तो त्रास. आधी आकडे, कारण भीती तिथूनच सुरू होते. 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं प्रत्येक बाळ प्रीटर्मच, पण 36 आठवड्यांचं आणि 26 आठवड्यांचं बाळ एकाच मापाने मोजू नका. 2008 साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक हिशोब मांडला होता, त्यात 22 ते 27 आठवड्यांच्या बाळांत सीपी शंभरात साधारण 14-15 जणांना, 28 ते 31 मध्ये सहा जणांना, 32 ते 36 मध्ये शंभरात एकापेक्षाही कमी जणांना, आणि पूर्ण दिवसांच्या बाळांत हजारात एकाला. हेच उलटं वाचून बघा, 28 ते 31 मधल्या शंभरातल्या 94 जणांना सीपी होत नाही. मी त्या रात्री फक्त सहाच वाचले होते. आणि सीपी असलेली निम्मी मुलं पूर्ण दिवसांची असतात कारण पूर्ण दिवसांचे जन्मच मुळात खूप जास्त, त्यामुळे 'मी नऊ महिने काढले असते तर' हा विचार डोक्यात फिरत असेल तर पूर्ण दिवस भरले म्हणजे सीपी होतच नाही असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता नेमकं होतं काय ते थोडं समजून घ्या, म्हणजे फाईल वाचता येईल. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. 24 ते 32 आठवड्यांत या पोकळ्यांच्या कडेच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात आणि तिथेच त्या पेशी तयार होत असतात ज्या पुढे नसांच्या धाग्यांवर आवरण चढवणार असतात. रक्तदाब वरखाली झाला, ऑक्सिजन कमी पडला, इन्फेक्शन झालं की एकतर तिथे रक्तस्राव होतो, त्याला आयव्हीएच म्हणतात, नाहीतर पांढऱ्या भागाला इजा होते, ती पीव्हीएल. आणि पायांकडे जाणारे धागे नेमके या पोकळ्यांना सगळ्यात चिकटून जातात, म्हणून लवकर जन्मलेल्या मुलांच्या सीपीत हातांपेक्षा पाय जास्त कडक असतात, त्याचं नाव स्पास्टिक डायप्लेजिया. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की चला, निदान कुठे बघायचं ते तरी समजलं.

म्हणून पहिलं काम फाईलचं. टाळूवरून केलेल्या डोक्याच्या सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट मागून घ्या, फक्त डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच होतो, पण पीव्हीएलमुळे होणाऱ्या बारीक पोकळ्या, म्हणजे सिस्ट, दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे नंतरची सोनोग्राफी झाली होती का आणि कोणत्या तारखेला ते विचारा. रक्तस्राव ग्रेड 1-2 असेल तर धोका बराच कमी, ग्रेड 3-4 किंवा सिस्टिक पीव्हीएल लिहिलं असेल तर फॉलोअप एकही चुकवायचा नाही. सोबत किती दिवस व्हेंटिलेटर, सेप्सिस (रक्तात पसरलेलं इन्फेक्शन) झाला होता का, आतड्याचा त्रास झाला होता का, हे एका कागदावर लिहून त्याचा फोटो काढून ठेवा, कारण प्रत्येक नवा डॉक्टर हेच विचारतो आणि आपण तिथे नेमकं ब्लँक होतो. एमआरआय नॉर्मल आला म्हणून निर्धास्त पण होऊ नका, सीपी असलेल्या काही मुलांचा एमआरआय नॉर्मलच असतो.

अजून डिलिव्हरी व्हायचीये आणि लवकर होईल असं दिसतंय, अशा कुणी वाचत असाल तर दोन गोष्टी डॉक्टरांना सरळ विचारा. एक, बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन, त्याने मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. दुसरं मॅग्नेशियम सल्फेट, डिलिव्हरी अगदी तोंडावर असताना आईला देतात आणि त्याने सीपीचा धोका साधारण 30 टक्क्यांनी कमी होतो, कितव्या आठवड्यापर्यंत द्यायचं याचे नियम वेगवेगळ्या देशांत 30 ते 34 च्या दरम्यान आहेत. जन्मानंतर श्वास थांबू नये म्हणून बाळांना कॅफीन देतात, हो तेच, कॉफीतलं, आणि 2007 च्या एका मोठ्या चाचणीत दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात सीपीचं प्रमाण 7.3 वरून 4.4 टक्क्यांवर आलेलं दिसलं.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त गोंधळ वयाचा. करेक्टेड एज काढायला शिका. 40 मधून जन्माचे आठवडे वजा करा, जे उरेल तेवढे आठवडे खऱ्या वयातून कमी करा. माझी 29 ची, म्हणजे 11 आठवडे कमी. ती सहा महिन्यांची झाली तेव्हा तिचं करेक्टेड वय साडेतीन महिने होतं, आणि मी मात्र शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाकडे बघून रडत होते. दोन वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात वजाबाकी नाही.

आता बघायचं काय, आणि इथे जरा थांबून वाचा. पुढचे सगळे महिने करेक्टेड समजा. चार महिन्यांनंतरही एक मूठ कायम घट्ट वळलेली, अंगठा आत. बसायला उचललं की मान अजून मागे लोंबते. नॅपी बदलताना पाय फाकवायला जोर लागतो, उभं धरलं की पाय कैचीसारखे एकमेकांवर जातात. आठ महिन्यांपर्यंत बसत नाही, दीड वर्षापर्यंत चालत नाही. आणि एक वर्षाच्या आत एकच हात वापरणं. हे लोकांना फार गोड वाटतं, अगं डावखुरी होणार वाटतं, पण एवढ्या लहान वयात हात ठरत नसतो, दुसरा हात मागे का राहतोय ते तपासायलाच हवं.

तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान एक व्हिडिओ नक्की काढा. बाळ जागं, पोट भरलेलं, शांत, पाठीवर, कपडे कमीत कमी, तोंडात चोखणी नाही, समोर खेळणं नाही, तुम्ही बोलायचं नाही, मोबाईल वरून सरळ धरून चार-पाच मिनिटं. या वयात निरोगी बाळाच्या मान, खांदे, मनगट, घोट्यात सतत बारीक बारीक चुळबुळ चालू असते, ती अजिबात नसेल तर सीपीचा तो खूप जोरदार इशारा मानतात. ही तपासणी जनरल मूव्हमेंट्स असेसमेंट, शिकलेल्या माणसालाच दाखवा, घरी बसून निकाल लावू नका. मी लावला होता, तीन रात्री झोपले नाही, आणि नंतर कळलं की बाळ तेव्हा भुकेलं होतं आणि व्हिडिओ बादच होता.

डॉक्टर म्हणाले 'थांबू, बघू', तर काय करायचं? आधी बाळ एक-दोन वर्षांचं होईपर्यंत पक्कं काही सांगता येत नाही असंच समजायचे, पण 2017 पासून तज्ज्ञांचं म्हणणं आहे की ही हालचालींची तपासणी, एमआरआय आणि एचआयएनई नावाची नसांची तपासणी यावरून सहा महिन्यांच्या आतही बऱ्याच बाळांचं निदान होतं, आणि पक्कं नसेल तर 'सीपीचा हाय रिस्क' असं लिहून थेरपी सुरू करायची. तेव्हा वाद घालू नका, एवढंच विचारा की एचआयएनईचा स्कोअर किती आला, पुढची तपासणी कधी, आणि तोपर्यंत फिजिओ सुरू करायला काही हरकत आहे का. दुसरी बाजू पण सांगते, लवकर झालेल्या काही बाळांचं अंग मधले काही महिने कडक वाटतं आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी आपोआप सैल पडतं, माझ्या मुलीचं तसंच झालं. पण ते आधी कुणालाच ओळखता आलं नाही, आणि फिजिओ केल्याचा तोटा काहीच झाला नाही.

घरी करायचं ते साधं आहे, जागं असताना पालथं, झोपताना पाठीवर, दिवसाचा जास्त वेळ जमिनीवर. वॉकर आणू नका, कुणी भेट दिला तरी माळ्यावर टाका. हातपाय धरून नुसतं ताणत बसण्यापेक्षा बाळाने स्वतः हात पुढे करावा असं काहीतरी समोर ठेवा, जो हात मागे राहतो त्या बाजूला ठेवा. त्याने स्वतःहून केलेली हालचालच मेंदूला शिकवते, आपण करवून घेतलेली फार थोडी.

आणि निदान झालंच तर? मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, अर्ध्याहून जास्त मुलं स्वतःच्या पायावर चालतात, किती मदत लागेल याचा बरा अंदाज दोन वर्षांच्या आसपास येतो. पण कडक स्नायूंमुळे खुबे हळूहळू जागेवरून सरकू शकतात आणि सुरुवातीला दुखत नाहीत, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. निदान सांगितलं त्याच दिवशी, डोळे कितीही भरलेले असले तरी, खुब्यांचा पहिला एक्स-रे कधी काढायचा ते विचारा आणि तारीख फाईलवर लिहूनच बाहेर पडा.