गळ्यातला पट्टा काढला आणि चिंगीचा ठसका कमी झाला

आमची कुत्री चिंगी १३ वर्षांची. वर्षभरापूर्वी तिला कोरडा ठसका लागू लागला, बदक ओरडावं तसा आवाज. आनंदाने उड्या मारल्या की हमखास. घशात काही अडकलं असेल म्हणून मी आठवडाभर थांबलो, ते करायला नको होतं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, श्वासनलिकेच्या कड्या ढिल्या पडून नळी चपटी होते. पूर्ण बरं होत नाही, आटोक्यात ठेवावं लागतं.

औषधं चालू आहेतच, पण सगळ्यात मोठा फरक पडला गळ्यातला पट्टा काढल्याने. साखळी आता छातीवरच्या हार्नेसला अडकवतो. खाणं मोजून देतो. वजन उतरलं तशी धापही कमी झाली. घरात धूर नाही, सुगंधी स्प्रे नाही, उन्हात फिरणं नाही.

रोज रात्री ती गाढ झोपली की श्वास मोजतो. छाती वर जाऊन खाली आली की एक. मिनिटाला ३० च्या वर राहिले तर डॉक्टरांना फोन. जीभ-हिरड्या निळसर दिसल्या तर मात्र थेट दवाखाना.

ठसका आला की मी घाबरत नाही, कारण मी घाबरलो की तिला जास्त लागतो. शेजारी बसून पाठीवरून हळूहळू हात फिरवतो.

काल रात्री २२ भरले.