९८,७६,५४,३२१ ही संख्या कागद-पेन्सिलीने कशी उकलायची

अंक नऊपासून उतरत मांडले की अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस होतात. या संख्येचे बहुतेक गुणधर्म तिच्या मूळ अवयवांतून निघतात, म्हणून आधी तेच पाडा.

शेवटी १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो आणि १०,९७,३९,३६९ उरतात. त्यांच्या अंकांची बेरीज ४७. तेव्हा ३ संपला. ७, ११ आणि १३ एकदमच तपासा, कारण तिघांचा गुणाकार १००१. दिलेल्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून आळीपाळीने वजा-अधिक करा: ३२१ − ६५४ + ९८७ = ६५४; यात तिघांपैकी एकही जात नाही. लाख-कोटींचे स्वल्पविराम आधी पुसा, नाहीतर गट हमखास चुकतात.

१०,९७,३९,३६९ ला १७ ने भागल्यावर ६४,५५,२५७. बरेच जण इथेच पुढे सरकतात, पण जो भाग गेला तो पुन्हा लावून पाहायचाच: ३,७९,७२१. तिसऱ्यांदा बाकी ९ उरते.

आता खरी मेहनत. ३,७९,७२१ चे वर्गमूळ ६१६ हून किंचित जास्त, आणि तिथवर ११२ मूळ संख्या आहेत. सगळ्या तपासायची गरज नाही. ८ ने भागून बाकी १ उरते, म्हणून ही दोन वर्गांची बेरीज असेल तर सम वर्ग चारच्या पटीतल्या संख्येचा असणार. ४, ८, १२... यांचे वर्ग वजा करत जा; विसाव्या पायरीला ८० येतो आणि उरते ३,७३,३२१ = ६११². ६११ आणि ८० सहमूळ असल्याने इथे फक्त चारने भागून १ बाकी देणारे मूळ अवयवच शक्य. तशा संख्या ५३. ५, १३, १७ झालेलेच, उरल्या ५०. एकानेही भाग जात नाही, म्हणजे ३,७९,७२१ ही मूळ संख्याच.

तर अवयव ३² × १७² × ३,७९,७२१. घातांकांत एकेक मिळवून गुणा: ३ × ३ × २ = १८ विभाजक. त्यांची बेरीज १३ × ३०७ × ३,७९,७२२ = १,५१,५४,७०,५०२. स्वतः संख्या वगळली तर ५२,७८,१६,१८१, म्हणजे संख्येहून बरीच कमी. वरच्या वर्गांना ५१ ने गुणले की संख्या ३१,१६१² + ४,०८०² अशीही लिहिता येते. हा या खटाटोपातला सर्वांत देखणा भाग.

ही पूर्ण वर्ग आहे का? शेवटचे २१, नऊने नि:शेष भाग, आठने बाकी १: झटपट कसोट्या सगळ्या पार होतात आणि फसवतात. ३,७९,७२१ चा घातांक विषम, म्हणून उत्तर नाही. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या हर्षद संख्यांतही, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांतही, ती बसत नाही, कारण ४५ ने भाग जात नाही.

संगणकावर ताळा करताना एक्सेलमध्ये हिचा वर्ग काढू नका. तिथे पंधराच सार्थ अंक टिकतात. अठरा अंकी उत्तराच्या शेवटी ०४१ ऐवजी ००० दिसतील.