अंगणातली घुमटाची भट्टी

पुण्यात पिझ्झाची ही भट्टी बांधायचं काम दिवाळीनंतरच काढावं. पावसाळ्यात ओल हटत नाही. गच्चीवर बांधायची तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, वजन सहज टनाच्या घरात जातं.

चौथऱ्यावर १ भाग सिमेंट, ५ भाग व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारं हलकं खनिज) असा १० सेंमी थर द्या. तो टाळला की उष्णता खाली मुरते आणि पिझ्झा तळाला कच्चा राहतो. वर फायर ब्रिकची (उष्णता सोसणाऱ्या विटांची) फरशी, सांधे कोरडे.

घुमटाचा आतला व्यास ९० सेंमी, उंची ४५. तोंड २८ सेंमी उंच, म्हणजे घुमटाच्या सुमारे ६३ टक्के. जास्त ठेवलं तर ऊब पळते, कमी ठेवलं तर धूर कोंडतो. धुरांडं तोंडावर, माथ्यावर कधीच नाही. घुमटाच्या आकाराच्या ओल्या वाळूच्या ढिगावर याच विटा अर्ध्या करून रचा. मसाला: ३ भाग बारीक वाळू, सिमेंट, चुना आणि फायर क्ले (उष्णता सोसणारी माती) प्रत्येकी १. (गवंडी नुसतं सिमेंट सुचवेल. ऐकू नका, तापून त्याचा भुगा होतो.)

आठवडाभर ओलं गोणपाट, मग वाळू काढून पाच-सहा दिवस रोज थोडा वाढता जाळ. पहिल्याच दिवशी भडका केला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन घुमट तडकतो. केसाएवढ्या भेगा मात्र पडणारच. शेवटी ५ सेंमी सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारं तंतूंचं आवरण), वर गिलावा.