बागेतील रेल्वेच्या संमेलनाला जाताना

अंगणात किंवा परसबागेत मोठ्या प्रमाणाची छोटी रेल्वे चालवणाऱ्या हौशी मंडळींचे राष्ट्रीय संमेलन अमेरिकेत उन्हाळ्यात भरते आणि प्रत्येक वेळी त्याचे गाव बदलते. 2019 मध्ये ते पोर्टलंडला झाले, 2022 मध्ये डेन्व्हरला आणि 2023 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परिसरात. त्या भागात मराठी घरे भरपूर आहेत आणि मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी गेलेले आईवडील बहुधा नेमक्या याच दिवसांत तिथे असतात. ज्यांना रुळांची ओढ आहे, त्यांनी ही संधी दवडू नये. मात्र केवळ तिकीट काढून जाऊन उभे राहिल्यास पदरी पायपीट आणि शेकडो सारखी छायाचित्रे यापलीकडे फारसे काही पडत नाही. म्हणून थोडी पूर्वतयारी आवश्यक आहे.

संमेलनाचे चार भाग असतात: यजमान क्लबच्या सभासदांच्या बागा पाहणे, विक्रेत्यांचे दालन, माहितीपर व्याख्याने आणि शेवटचे सहभोजन. यांतील बागा हाच खरा गाभा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दालनातली इंजिने घरबसल्याही मागवता येतात, पण वीस वर्षे ऊनपाऊस सोसलेला रूळमार्ग कुठे खचतो, झाडाची मुळे त्याला कशी उचलतात आणि मालकाने त्यावर काय तोड काढली, हे त्या बागेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

निघण्यापूर्वी प्रमाणांचा, म्हणजे छोटी गाडी खऱ्या गाडीच्या किती पट लहान आहे याचा, हिशेब डोक्यात पक्का करावा, अन्यथा दालनात गोंधळ निश्चित आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथल्या गाड्या 1:87 प्रमाणाच्या आहेत. बागेतील गाड्या लांबीने त्यांच्या साधारण तिप्पट ते चौपट असतात. न्यूरेंबर्गच्या लेमन कंपनीने 1968 मध्ये एलजीबी या नावाने आणलेल्या गाड्यांमुळे 45 मिलिमीटर रुंदीचा रूळ जगभर रूढ झाला, पण त्या एकाच रुळावर वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या धावतात. एलजीबीचे प्रमाण 1:22.5 मानले जाते, कारण त्या हिशेबाने 45 मिलिमीटर म्हणजे मीटर गेज होतो. अमेरिकेतील तीन फुटी नॅरो गेजसाठी 1:20.3 आणि प्रमाणित रुंदीच्या मार्गासाठी 1:32 हे प्रमाण घेतात. याशिवाय 1:29 प्रमाणाच्याही पुष्कळ गाड्या बाजारात आहेत. त्यांच्या हिशेबाने रूळ किंचित अरुंद ठरतो आणि काटेकोर मंडळी त्यावर नाक मुरडतात. चाके सर्वांची एकाच रुळावर बसत असल्यामुळे नवखा माणूस 1:32 च्या इंजिनामागे 1:20.3 चा डबा घेऊन बसतो आणि घरी जोडून पाहिल्यावर डबा इंजिनाच्या डोक्यावरून डोकावू लागतो.

ज्यांच्या मनात माथेरानची गाडी आहे, त्यांच्यासाठी हिशेब निराळा आहे. नेरळ-माथेरान मार्ग 1907 मध्ये सुरू झाला आणि त्याची रुंदी दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर आहे. फुटाला 16 मिलिमीटर या इंग्लंडमधील रूढ प्रमाणाने, म्हणजे सुमारे 1:19 ने, ती बरोबर 32 मिलिमीटर येते. म्हणून माथेरान किंवा दार्जिलिंग उभे करायचे असेल तर अमेरिकेपेक्षा इंग्लंडमधील 16 मिलिमीटरवाल्यांच्या प्रदर्शनात अधिक जिव्हाळ्याची मंडळी भेटतील. बार्शी लाइट रेल्वेची रुंदी अडीच फूट होती. 32 मिलिमीटरच्या रुळावर ती सुमारे 1:24 ला जमते. हे आकडे एका कार्डावर लिहून खिशात ठेवावेत.

नावनोंदणी लवकर करावी, कारण बसने होणाऱ्या बाग-फेऱ्यांच्या जागा आधी संपतात. गाडी चालवणारे कोणी सोबत असल्यास स्वतःच्या गाडीने फिरणे केव्हाही चांगले. बसमध्ये ठरलेल्या मिनिटाला उठावे लागते. नोंदणी झाल्यावर बागांची पुस्तिका मिळते. तीत प्रत्येक बागेचा पत्ता, खुली राहण्याची वेळ, रुळाची लांबी आणि गाडी विजेवर चालते, बॅटरीवर की वाफेवर, याची माहिती असते. कुठे पायऱ्या आहेत, हे बहुधा त्यातच असते. गुडघे दुखत असतील तर ते आधी वाचावे. पुस्तिका हाती येताच नकाशावर खुणा करून जवळजवळच्या बागांचे गट पाडावेत.

पहिल्या खेपेस मी एका दिवसात अकरा बागा उरकल्या. रात्री छायाचित्रे पाहताना कुठला पूल कोणाच्या बागेतला, हे मला सांगता येईना, आणि जी एक बाग खरोखर पाहण्यासारखी होती तिथे मी जेमतेम बारा मिनिटे थांबलो होतो, असे वेळेच्या नोंदीवरून दिसले. तेव्हापासून दिवसाला चार, फार तर पाच बागा, हा माझा नियम आहे. त्यांतही एक बाग मुद्दाम अगदी नव्या माणसाची निवडावी, कारण त्याच्या चुका ताज्या असतात आणि तो त्या मोकळेपणाने सांगतो.

बाग म्हणजे कोणाचे तरी घर आहे, याचे भान सुटू देऊ नये. शेजाऱ्यांच्या दारासमोर गाडी उभी करू नये, पाठीवरची पिशवी गाडीतच ठेवावी, कारण वळताना तीच सिग्नल पाडते, आणि रूळ ओलांडायचा झाल्यास मालकाने ठेवलेल्या फरशीवरूनच ओलांडावा. रुळालगतचे हिरवे दिसते ते गवत समजून त्यावर पाय देऊ नये. ते बहुधा जमिनीसरशी वाढणारे थाइम असते आणि त्याला तसे दाट व्हायला काही वर्षे गेलेली असतात. नातवंडे बरोबर असतील तर त्यांना आधीच बजावून ठेवावे की इंजिनाला हात लावायचा नाही. स्वच्छतागृहाची सोय गृहीत धरू नये. मालकाचा पत्ता किंवा घराचा दर्शनी भाग समाजमाध्यमांवर टाकू नये.

आता पाहायचे काय? गाडी सगळेच पाहतात. आपण आधी जमीन पाहावी. रुळाखाली सिमेंटचा पट्टा आहे, पुरलेल्या फळ्यांची चौकट आहे की नुसती खडी, हे विचारावे. एका वृद्ध यजमानांनी मला बोलून सांगण्याऐवजी झारी उचलली आणि वळणावर पाणी ओतले. पाणी मुरले, खडी जागची हलली नाही. मग त्यांनी चिमूटभर खडी माझ्या तळहातावर ठेवून बोटाने चोळायला सांगितले: प्रत्येक कणाला टोक होते. गोल वाळूसारखे खडे पावसात वाहून जातात, टोकेरी कच एकमेकींत अडकून बसते, हे सूत्र मला त्या एका मिनिटात समजले. ती खडी त्यांनी कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून आणली होती. अमेरिकेत कोंबड्यांना पचनासाठी देण्याची ग्रॅनाइटची बारीक कच या कामी सर्रास वापरतात. आपल्याकडे क्रशरवर मिळणारी कच चाळून घेतली तर तेच काम भागते.

त्यानंतर वळणे पाहावीत. एलजीबीच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या 600 मिलिमीटर असते. त्यावर छोटे इंजिन आनंदाने फिरते, पण लांब डबे कोपऱ्यात बेढब दिसतात आणि मोठी इंजिने तर घसरतातच. जागा असेल तर मोठी वळणे घातल्याचा कोणालाही पश्चात्ताप झालेला मी पाहिला नाही. चढाबद्दलही असेच विचारावे. माथेरानच्या वाटेवर 1:20 इतका चढ आहे, पण बागेत लांब गाडी ओढायची असेल तर शंभर फुटांना दोन फूट हा चढ पुरेसा मानावा. सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा, कुठे आहे तेही बघावे: बोगद्याच्या आत सांधा ठेवणाऱ्याला एक ना एक दिवस पालथे झोपून आत हात घालावा लागतो. आणि सर्वांत उपयोगी प्रश्न शेवटी विचारावा, तो असा की हेच सगळे पुन्हा बांधायचे झाले तर आपण काय बदलाल? या प्रश्नावर अबोल यजमानही खुर्ची पुढे करतात.

झाडांची नावे लिहून घ्यावीत, पण ती आणण्याचा विचार करू नये. तिकडे सर्वत्र दिसणारा ठेंगणा अल्बर्टा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात तग धरणार नाही. त्याच्या जागी मिनी जेड छाटून छान झाड उभे करता येते.

वाफेच्या इंजिनांसाठी संमेलनात सहसा वेगळे रिंगण असते. तिथे किमान एक इंजिन पेटवण्यापासून विझेपर्यंत पूर्ण पाहावे. चालक ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, वाफेचे दाट तेल आणि ब्युटेन भरतो, काडी धरतो, धुराड्यातून फप् असा आवाज येतो आणि मग काही मिनिटे सगळे त्या इवल्या दाबमापकाकडे पाहत उभे राहतात. काटा चाळीस पौंडांच्या आसपास गेला की पहिल्या फेरीत सिलिंडरमधले साचलेले पाणी थुंकत इंजिन निघते. त्यामुळे रिंगणाच्या अगदी कडेला पांढरा सदरा घालून उभे राहू नये. गॅस भरला जात असताना जवळ कोठेही ज्योत नसावी. चालकाने मागे सरायला सांगितले तर वाद न घालता सरावे.

विक्रेत्यांच्या दालनात पहिल्या दिवशी फक्त फिरावे आणि भाव टिपावेत. जुने इंजिन घेणार असाल तर ते रुळावर चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा आणि चाकांच्या आतील बाजूंमधले अंतर मोजावे. 45 मिलिमीटरच्या रुळासाठी ते साधारण 40 मिलिमीटर असते. ते कमी-जास्त असेल तर गाडी सांध्यावर रूळ सोडणार. संमेलनाच्या नावाची खास वाघीण बहुधा विक्रीला असते. आठवण म्हणून ती घेण्यास हरकत नाही, पण आपल्या प्रमाणाशी ती जुळते का, हे त्याच खिशातल्या कार्डावर पडताळावे. भारतात न्यायच्या वस्तूंची तर अधिकच चौकशी करावी. अमेरिकेतील वीज 120 व्होल्टची आहे, आपली 230 व्होल्टची. म्हणून ज्या पॉवर पॅकवर 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले नाही तो घेऊ नये.

सहभोजनाचे तिकीट बहुधा वेगळे असते. शाकाहारी जेवण हवे असल्यास नोंदणी करतानाच कळवावे. व्याख्यानांपैकी रेडिओ नियंत्रण आणि बॅटरी यांवरचे चुकवू नये. पितळी रूळ उघड्यावर काळा पडतो आणि रुळातून वीज घेणाऱ्या गाडीसाठी तो वारंवार घासावा लागतो. आपल्या पावसाळ्यात हे काम नकोसे होते, म्हणून आपल्याकडे बॅटरीचीच गाडी शहाणपणाची.

परतीच्या सामानाचे नियम कडक आहेत. ब्युटेनचा डबा कोणत्याच बॅगेतून नेता येत नाही आणि वाफेच्या जुन्या इंजिनाची गॅसची टाकी व बॉयलर रिकामे असल्याची खात्री करावी लागते. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून न्याव्यात. सर्वसाधारण मर्यादा 100 वॅट-तास आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केले की हा आकडा मिळतो: 14.8 व्होल्ट आणि 5.2 अँपिअर-तासांची बॅटरी 77 वर येते, म्हणजे चालते. शेवटच्या दुपारी विक्रेत्यांना माल परत न्यायचा नसतो आणि लांब पितळी रूळ मोहात पडण्याइतके स्वस्त मिळतात. पण ते बॅगेत मावत नाहीत. 300 मिलिमीटरचे तुकडे घ्यावेत, प्रत्येक तुकडा मोज्यात घालावा आणि बॅगेच्या तळाशी कपड्यांत आडवा ठेवावा.