चार डिस्कचा डबा बदलताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात लाइट गेली, आली, आणि आमच्या चार डिस्कच्या एन्क्लोजरचा (हार्ड डिस्क आत ठेवून कॉम्प्युटरला जोडायचा डबा) निळा दिवा नुसता लुकलुकत राहिला. घरातले बारा वर्षांचे फोटो त्यात. घाबरून त्याच रात्री नवा डबा मागवला. पहिली चूक तीच.

कारण बिघडला होता अ‍ॅडॉप्टर. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर खेचते. चारही एकदम उठल्या की थकलेला अ‍ॅडॉप्टर मान टाकतो. मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका, लोड नसताना तो बारा व्होल्ट छान दाखवतो. आपल्या डिस्क बाहेर काढा (काढण्याआधी प्रत्येकीवर मार्करने खणाचा नंबर लिहा, नंतर आठवत नाही) आणि एखादी भंगारातली डिस्क आत टाकून बघा. एक चालते आणि चार चालत नाहीत, म्हणजे आधी अ‍ॅडॉप्टरच बदलून बघायचा.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने माझी पिन हातात घेतली आणि विचारलं, "हिचं प्लस कुठलं?" मला काय माहीत! चार टोचांची गोल पिन दिसायला सगळीकडे सारखी, पण प्लस-मायनसच्या जागा कंपनीगणिक वेगळ्या. जुन्या अ‍ॅडॉप्टरवरची आकृती बघूनच त्याने दुसरा दिला. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त.

डबा खरंच गेला असेल, तर विकत घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: डिस्क एकत्र बांधल्या कोणी, डब्याने की कॉम्प्युटरने? मागे रेडचा (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत) स्विच असेल आणि विंडोजला चारऐवजी एकच मोठी डिस्क दिसत असेल, तर बहुधा डब्यातल्या चिपने. ती मांडणी दुसऱ्या कंपनीच्या डब्याला वाचता येईलच असं नाही. त्याच कंपनीचं, शक्यतो तेच मॉडेल शोधा. तेही कायम मिळेल असं धरून चालू नका. ड्रोबो नावाच्या डब्याच्या डिस्क फक्त ड्रोबोच वाचायचा, आणि २०२२ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०२३ मध्ये दुकानच गुंडाळलं. म्हणून मी आता साधा, रेड नसलेला डबा घेतो. चार डिस्क चार दिसतात, बांधायच्या तर कॉम्प्युटरवर बांधता येतात. फक्त तो प्रत्येक डिस्कचा खरा सीरियल नंबर पुढे पाठवतो का, हे बघा. काही स्वस्त डबे चारही डिस्कना एकच ओळख देतात, आणि मग विंडोजमधलं डिस्क एकत्र बांधणारं स्टोरेज स्पेसेस गोंधळतं.

नव्या डब्यात जुन्या डिस्क टाकल्यावर 'इनिशियलाइझ डिस्क' अशी खिडकी उघडली, तर कॅन्सल. ओके नाही. डब्यामागचं रीसेट बटणही दाबू नका. रेड नसतानाही ती खिडकी उघडू शकते: काही जुने डबे दोन टीबीहून मोठ्या डिस्कचा सेक्टर (डेटा लिहायचा छोटा कप्पा) ४०९६ बाइटचा दाखवायचे, नवा ५१२ चा दाखवतो, आणि भरलेली डिस्क कॉम्प्युटरला कोरी वाटते. डेटा जागेवरच असतो. जुना डबा चालू होत असेल तर त्यातूनच कॉपी काढा.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. टाइप-सी हा पिनेचा आकार आहे, वेग नव्हे. ५ गिगाबिटचा पोर्ट दोन हार्ड डिस्कना साधारण पुरतो. डिस्क मात्र नव्या घेणार असाल तर सीएमआर (डेटाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लिहिणारी) आहे का ते बघा. एसएमआर (पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवणारी) डिस्क गेलेल्या डिस्कच्या जागी घालून रेड पुन्हा बांधायला बसलात की रडवते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'रेड' (Red, लाल) नावाच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या तेव्हा बराच गदारोळ झाला होता.

माझा जुना डबा नव्या अ‍ॅडॉप्टरवर अजून चालतोय. घाईने मागवलेला नवा आता बहिणीकडे आहे, फोटोंची दुसरी प्रत घेऊन. दर दिवाळीला मी तिकडे जातो तेव्हा ती प्रत ताजी होते.