झोपेत स्टेशन मागे गेलं, तर

रात्रीच्या कोकणकन्येने कणकवलीला उतरायचं आणि जाग येते ती कुडाळच्या अलीकडे. माझं दोनदा झालंय. शेजारचे लगेच म्हणतात, "ओढा साखळी!" अजिबात ओढू नका. स्टेशन चुकलं हे साखळी ओढायला पुरेसं कारण नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 141 खाली 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यापेक्षा असं करा:

1. टीसीला आपणहून गाठा, त्याने विचारायच्या आधी. झोप लागली हे सरळ सांगा आणि पुढच्या थांब्यापर्यंतचं जादा भाडं भरून पावती घ्या. लपून बसलात आणि पकडले गेलात, तर भाडं अधिक किमान 250 रुपये.

2. पुढच्या अधिकृत थांब्यावर उतरा, परतीचं तिकीट काढा. कुडाळहून कणकवलीला एसटीही आहेच.

3. पुढच्या वेळी गजर घड्याळाच्या वेळेवर नको, गाडी दोन तास लेट असली की तो फुकट जातो. 'व्हेअर इज माय ट्रेन' अ‍ॅपमध्ये स्टेशनचा गजर लावा. मोबाइल टॉवरवरून जागा कळते, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी चालतं. फोन मात्र उशीखाली, चार्जिंगला दाराजवळ नको.

एक सांभाळा: कोकण रेल्वे बरीचशी एकेरी मार्गाची, त्यामुळे क्रॉसिंगला, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट द्यायला, गाडी मध्येच थांबते. "थांबलीच आहे तर" म्हणून अंधारात उडी मारू नका. खाली फलाट असेलच असं नाही, आणि शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी यायचीच असते.